आकाशातले माप आणि लोणारचे पाणी

सन २०२० चा जून महिना. सारे जग महामारीच्या भीतीने दारे लावून बसले होते. अशा वेळी बुलढाणा जिल्ह्यातून एक विलक्षण बातमी आली. लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या हिरवट दिसणाऱ्या त्या पाण्याने काही दिवसांतच रंग बदलला. काठावरच्या लोकांनी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढली, ती गावोगाव फिरली, आणि आमच्यासारख्या दूर बसलेल्यांनी ती पाहून प्रथम शंकाच घेतली. छायाचित्राला हवा तो रंग चढवणे हल्ली कोणालाही जमते.

थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या लँडसॅट-८ या उपग्रहाने टिपलेली दोन चित्रे प्रसिद्ध झाली. एक २५ मेचे, दुसरे १० जूनचे. दोहोंत बरोबर सोळा दिवसांचे अंतर, कारण हा उपग्रह सोळा दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवरून जातो. पहिल्या चित्रात सरोवर हिरवे होते, दुसऱ्यात गुलाबी. आमची शंका फिटली.

परंतु शंका फिटल्यावर एक दुसराच प्रश्न मनात उभा राहिला. शेजाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर विश्वास न ठेवणारे आम्ही, सातशे किलोमीटर उंचीवरच्या एका यंत्रावर इतका सहज विश्वास का ठेवतो? बदलले ते पाणीच, यंत्राची नजर नव्हे, हे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ते आम्हांला एका जुन्या आणि प्रामाणिक परंपरेपर्यंत घेऊन गेले. मोजणाऱ्याने आधी आपले माप तपासावे, ही ती परंपरा. शास्त्रीय मराठीत या कामाला ‘अंशशोधन’ म्हणतात. त्याचा थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डोळ्यांनी पाहिलेले लोणार

लोणार हे माणसाच्या नजरेला आव्हान देणारे स्थळ आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, दीडशे मीटर खोल असा तो गोल खळगा आम्ही काठावर उभे राहून प्रथम पाहिला, तेव्हा बराच वेळ कोणी बोललेच नाही. काळ्या कातळाच्या पठारात हे एवढे मोठे कुंड कोणी कोरले? लोककथेने उत्तर दिले, की येथे लवणासुर दडून बसला होता आणि विष्णूने त्याचा वध केला. गावातले दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर त्या कथेची आठवण ठेवून आहे. अबुल फजलाच्या ‘ऐने अकबरी’त लोणारची नोंद आहे, ती काच आणि साबण यांसाठी लागणाऱ्या क्षारांमुळे. या क्षारांचा व्यापार पुढेही चालला, आणि दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांच्या प्रतींची नावे जुन्या नोंदींत आढळतात.

१८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवर पाहिले व त्याची नोंद केली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे बहुतेक विद्वानांचे मत असे होते, की दख्खनच्या ज्वालामुखीचाच हा एक अवशेष असावा. अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह गिल्बर्ट यांनी १८९६ साली ऍरिझोनातील विवराचा विचार करताना लोणारचाही दाखला घेतला. परंतु दोन्ही ठिकाणी त्यांचा कल जमिनीखालच्या स्फोटाकडेच राहिला. अखेर १९७३ साली फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी येथील खडकांत मोठ्या आघाताच्याच खुणा दाखवल्या. त्या खडकांतील काही स्फटिकांचे विलक्षण दाबाने काचेत रूपांतर झाले होते, आणि असा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. लोणार हे अशनीच्या आघाताने झालेले विवर होय, हे तेव्हापासून मान्य झाले. त्याच्या वयाबद्दल मात्र अद्याप एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे!

दगड एकच, मापे दोन, उत्तरांत दहापटींहून अधिक फरक. यावरून माप किती जपून वापरावे लागते, ते ध्यानात यावे.

पेटीतली दुसरी साखळी

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना जुनी वजनमापे आठवत असतील. खामगावच्या कापूस बाजारात गाडी तोलली जाई तेव्हा शेतकऱ्याची नजर काट्यावर असे, आणि वजनावर सरकारी छाप आहे ना, हे जाणता माणूस आधी पाही. वजन रोज वापरून झिजते. झिजलेले वजन खोटे बोलते आणि ते खोटे बोलते आहे हे तोलणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून कोठेतरी एक न वापरलेले, जपून ठेवलेले वजन असावे लागते, ज्याच्याशी बाकीची ताडून पाहता येतील. खोट्या तराजूविषयी आपल्या पवित्र ग्रंथात किती कडक शब्द आहेत, ते वाचकांना सांगायला नको.

हीच गोष्ट देश मोजणाऱ्यांनाही करावी लागली. अलेक्झांडरने लोणार पाहिले त्याच वर्षी, म्हणजे २० जानेवारी १८२३ रोजी, वऱ्हाडाच्या पूर्वेस हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटन या वृद्ध सर्वेक्षकाचा तंबूतच मृत्यू झाला. त्यांची कबर आजही तेथे आहे. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्यांनी एक पायारेषा मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ते उत्तरेकडे निघाले. त्यांच्याजवळ शंभर फुटांची पोलादी साखळी होती. उन्हाने पोलाद वाढते आणि गारव्याने आकसते. वापरून वापरून कड्या ताणल्या जातात. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत, तंबूच्या सावलीत ठेवून मोजणी होई, प्रत्येक वेळी उष्णतामान लिहिले जाई. आणि लॅम्बटन यांच्यापाशी आणखी एक साखळी होती. तिने मोजायचे नाही. ती केवळ पहिलीशी ताडून पाहण्यासाठी.

लॅम्बटन यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट आले. त्यांना साखळीचाच भरवसा वाटेना. पितळ आणि लोखंड उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, या गुणाचा उपयोग करून बनवलेले दहा फुटी दंड त्यांनी १८३० साली इंग्लंडहून आणले. या जोडदंडांवर केलेल्या खुणांतील अंतर थंडी असो की ऊन, सारखेच राही. या नव्या दंडांनी एव्हरेस्ट यांनी सिरोंजची जुनी पायारेषा, जी त्यांनी स्वतःच पूर्वी साखळीने मोजली होती, पुन्हा मोजून घेतली. स्वतःचे काम तपासण्याची आणि चूक निघाली तर ती मान्य करण्याची ही तयारी आम्हांला त्यांच्या कीर्तीहून मोठी वाटते.

कुलाबा आणि अलिबाग

महाराष्ट्राच्या भूमीत या परंपरेचे सर्वांत सुंदर उदाहरण समुद्रकिनाऱ्यावर सापडते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची सुई हलणार आणि साठ वर्षांची नोंद दूषित होणार, हे उघड होते. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई फ्रामजी मूस. ते या पदावर आलेले पहिले भारतीय होत. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागची जागा निवडली, लोखंडाचा वापर टाळून तेथे नवी इमारत उभी केली आणि १९०४ साली नोंदी सुरू केल्या.

मूस यांनी त्या दिवशी कुलाब्याची यंत्रे बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. कुलाब्याची सुई एक आकडा दाखवी तेव्हा अलिबागची किती दाखवते, हे अशा रीतीने निश्चित झाले. १९०७ साली ट्राम धावू लागली. पण धागा तुटला नाही. जुन्या नोंदीला नवी नोंद सांधली गेली होती.

या सांध्याचे मोल किती? १८५९ च्या सप्टेंबर महिन्यात सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर फार मोठे चुंबकीय वादळ झाले. त्याची नोंद कुलाब्यात झालेली होती. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता नव्याने ठरवली ती याच नोंदींच्या आधारे. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात ते आकडे लिहिले, त्यांना आपले वाचक कोण असतील याची कल्पनाही नव्हती. त्यांनी केवळ आकडे खरे लिहिले.

आकाशात गेलेले माप

१९७२ च्या जुलै महिन्यात अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला आणि पृथ्वीचे माप आकाशातून घेणे सुरू झाले. आपल्या देशात प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळातील नारळाच्या झाडांची हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेऊन या विद्येचा पाया घातला होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात रोगट झाड निरोगी झाडापेक्षा वेगळे दिसते, हे त्या चित्रांवरून कळले. ७ जून १९७९ रोजी भास्कर-१ अवकाशात गेला. त्याच्या कॅमेऱ्याने मात्र आरंभी दगा दिला आणि सुमारे वर्षभराने तो सुरू करता आला. त्यातून धडा घेऊन अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात डॉ. जॉर्ज जोसेफ यांच्या नेतृत्वाखाली नवे कॅमेरे तयार झाले, आणि १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा नियमित कामासाठीचा आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह बैकोनूरहून आकाशात गेला.

आता उपग्रहाचा ‘डोळा’ नेमके काय करतो, ते पाहू. तो चित्र काढीत नाही. तो प्रकाश मोजतो. जमिनीच्या प्रत्येक लहान तुकड्यावरून निळा, हिरवा, तांबडा आणि अवरक्त प्रकाश किती आला, याचा एकेक आकडा तो पाठवतो. लँडसॅट-८ च्या बाबतीत असा तुकडा तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असतो. लोणारचे विवर म्हणजे त्याच्या दृष्टीने एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे साठ चौकोन. त्या चौकोनांतल्या आकड्यांवर आपला सारा विश्वास.

परंतु हा डोळाही झिजतो. प्रक्षेपणाच्या वेळी त्याला प्रचंड हादरे बसतात. वर गेल्यावर सूर्याचे जंबुपार किरण त्याच्या भिंगांवर व आरशांवर अखंड पडत राहतात. यानातूनच सुटलेली सूक्ष्म वाफ काचेवर साचते. प्रकाश ओळखणारे घटक वृद्ध होतात. आज जो प्रकाश शंभर आकडा देतो, तोच पाच वर्षांनी पंचाण्णव देऊ लागतो. खाली बसलेला माणूस म्हणेल, पृथ्वी काळवंडली! आणि तेथे दुरुस्तीला कोणी कारागीर पाठवता येत नाही.

म्हणून यंत्राबरोबरच त्याचे प्रमाण वजनही पाठवावे लागते. आरंभीच्या उपग्रहांत लहान दिवे बसवले जात. दिव्याचा ठरावीक प्रकाश पाहून यंत्राने आपली नजर तपासायची. पण दिवाही म्हातारा होतो. १ मार्च १९८४ रोजी सोडलेला लँडसॅट-५ हा उपग्रह अपेक्षेच्या कितीतरी पलीकडे, अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच्या आतले दिवेच बदलले आहेत असे आढळल्यावर २००३ साली त्यांवर आधारलेली जुनी पद्धत सोडून द्यावी लागली व त्याच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

२०१३ साली गेलेल्या लँडसॅट-८ मध्ये ही चूक ध्यानात घेऊन जी योजना केली, ती वाचताना आम्हांला लॅम्बटन यांच्या पेटीतली साखळी आठवली. त्यात दिव्यांचे संच आहेत: एक रोजच्या तपासणीसाठी, एक सोळा दिवसांनी, आणि एक केवळ सहा महिन्यांनी उजळण्यासाठी. सूर्यप्रकाश पसरवणारे पांढरे पडदे दोन आहेत. एक नेहमी वापरायचा. दुसरा बहुतेक काळ झाकून ठेवायचा आणि वर्षातून दोनदाच उघडायचा. रोजचा पडदा पिवळा पडला की काय, हे त्या जपलेल्या पडद्यावरून कळते. दोनशे वर्षांत साहित्य बदलले, शहाणपण तेच राहिले.

चंद्र, वाळवंट आणि कच्छचे रण

सर्वांत मोठे प्रमाण वजन मात्र कोणा माणसाने घडवलेले नाही. ते आहे चंद्र. तेथे हवा नाही, पाऊस नाही, गवत उगवत नाही. त्याच्या पृष्ठभागाचा उजळपणा वर्षाला दहा कोटींत एका भागाइतकासुद्धा बदलत नाही, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. कलेप्रमाणे तो कमीअधिक दिसतो खरा, पण त्या कलांचा हिशेब मांडता येतो. अमेरिकेत ऍरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे दुर्बिणी लावून सुमारे आठ वर्षे चंद्राच्या प्रकाशाची मोजदाद झाली ती याचसाठी. लँडसॅट-८ दर महिन्याला पौर्णिमेच्या सुमारास पृथ्वीकडे पाठ फिरवतो, चंद्राकडे पाहतो आणि आपली नजर ताडून पुन्हा कामाला लागतो.

पृथ्वीवरही काही जागा जवळजवळ न बदलणाऱ्या आहेत. लिबियाच्या वाळवंटातील वाळूचे विस्तीर्ण प्रदेश वर्षानुवर्षे सारखेच उजळ राहतात, म्हणून निरनिराळ्या देशांचे उपग्रह त्यांवर आपली मापे तपासतात. आपल्या देशात हे काम कच्छच्या रणाने केले आहे. पावसाळा ओसरून रण वाळले की मिठाचा पांढराशुभ्र सपाट प्रदेश उघडा पडतो. उपग्रह माथ्यावरून जाण्याच्या घटकेला अहमदाबादचे शास्त्रज्ञ तेथे उपकरणे घेऊन उन्हात उभे असतात. जमिनीवरून किती प्रकाश परतला, मधल्या हवेत धूळ व बाष्प किती होते, हे ते मोजतात, आणि त्यावरून उपग्रहाला किती आकडा दिसायला हवा होता ते काढतात. समुद्राचा रंग मोजणाऱ्या उपग्रहांसाठी लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ असेच काम होते. ते अधिक अवघड असते, कारण समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या निळ्या प्रकाशातला सुमारे नऊ दशांश भाग हवेचाच असतो, पाण्याचा नव्हे.

आणि मूस यांची युक्ती? तीही आकाशात पोहोचली आहे. मार्च २०१३ मध्ये नवा लँडसॅट-८ आपल्या नेमक्या कक्षेत जाण्यापूर्वी जुन्या लँडसॅट-७ च्या खालून नेण्यात आला, जेणेकरून दोघांनी जवळजवळ एकाच क्षणी एकच भूमी पाहावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये लँडसॅट-९ ने लँडसॅट-८ च्या खालून जाऊन तेच केले. अशा सांध्यांनी मागे मागे जात १९७२ पर्यंतची सारी मालिका एका मापावर आणण्यात आली आहे. कुलाबा आणि अलिबाग यांच्यामध्ये जे घडले, तेच येथे दोन यानांमध्ये घडले.

चुका आणि त्यांची कबुली

इतके करूनही चुका होतात. त्या झाल्यावर काय केले जाते, यावरच विद्येची परीक्षा होते.

१९७८ अखेरपासून काही उपग्रह वातावरणाचे उष्णतामान मोजीत आले आहेत. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या रॉय स्पेन्सर आणि जॉन ख्रिस्टी यांनी त्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा त्यांत तापमानवाढ दिसेना. पुष्कळांनी त्यावरून मोठमोठे निष्कर्ष काढले. १९९८ साली फ्रँक वेंट्झ आणि मॅथियास शाबेल यांनी दाखवून दिले, की विरळ हवेच्या घर्षणाने हे उपग्रह हळूहळू खाली येत होते. उंची बदलली की नजरेचा कोन बदलतो आणि त्यामुळे नोंदींत खोटा गारवा शिरला होता. स्पेन्सर आणि ख्रिस्टी यांनी ही दुरुस्ती आपल्या नोंदींत घेतली. वाद पुढेही चालले. पण चूक चूक म्हणून नोंदली गेली.

दुसरे उदाहरण शेतीशी अधिक जवळचे आहे. १९९९ साली सोडलेल्या टेरा या उपग्रहाच्या नोंदींत उत्तर अमेरिकेतील हिरवाई काही ठिकाणी कमी होत चालल्याचे दिसत होते. त्याच बनावटीचे यंत्र असलेल्या ऍक्वा या दुसऱ्या उपग्रहाला तसे दिसत नव्हते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलगडा झाला, की टेराच्या यंत्राची नजर, विशेषतः निळ्या प्रकाशाच्या बाबतीत, मंदावली होती. झाडे होती तेथेच होती! पुढे साऱ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून नव्या आवृत्तीत दुरुस्त केल्या गेल्या.

बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा संबंध

वाचक विचारतील, या साऱ्याचा मेहकरच्या किंवा सिंदखेडराजाच्या कास्तकाराशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की पिकाच्या हिरवाईचा निर्देशांक मिळतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पाऊस आणि जमिनीतील ओलावा यांच्या बरोबरीने या निर्देशांकालाही स्थान आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातीलही तालुके होते. असा निर्णय घेताना यंदाची हिरवाई मागील अनेक वर्षांच्या हिरवाईशी ताडून पाहतात. म्हणजे येथे केवळ आजचे माप खरे असून भागत नाही. दहा वर्षांपूर्वीचे मापही त्याच तराजूचे असावे लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, सोयाबीनच्या चांगल्या शेतातून तांबडा प्रकाश शंभरात ८ आणि अवरक्त प्रकाश शंभरात ४० परततो. फरक ३२, बेरीज ४८. निर्देशांक सुमारे ०.६७. आता पीक तेच, पण यंत्राची अवरक्त नजर एक दशांशाने मंद झाली आणि ४० च्या जागी ३६ दिसू लागले. फरक २८, बेरीज ४४, निर्देशांक ०.६४ वर आला. शेतात काहीही न घडता कागदावर पीक खालावले. उलट, जुन्या वर्षांच्या नोंदी अशा मंद नजरेने घेतल्या असतील आणि यंदाचे यंत्र नवे असेल, तर खरोखर करपलेले पीकही मागच्या वर्षांइतकेच बरे दिसेल. पहिल्या चुकीने सरकारचा पैसा अस्थानी जाईल. दुसऱ्या चुकीने एखाद्या घराची चूल विझेल. म्हणून निवडक गावांत बांधावर जाऊन प्रत्यक्ष पाहणी करण्याची तरतूद संहितेत ठेवली आहे, आणि ती ठेवली हे योग्यच झाले.

पुन्हा लोणारच्या काठावर

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. २५ मे आणि १० जून २०२० या दोन चित्रांवर आपण विश्वास ठेवला, तो यंत्र आकाशात होते म्हणून नव्हे. त्या यंत्राने त्या काळात आपला दिवा पाहिला होता, आपला पडदा पाहिला होता, चंद्र पाहिला होता, आणि त्या साऱ्यांत अवघ्या सोळा दिवसांत नजर बदलल्याची खूण नव्हती. शिवाय त्याच चित्रांतील विवराचे उतार आणि भोवतालची जमीन गुलाबी झाली नव्हती. गुलाबी झाले होते ते पाणीच.

परंतु पाणी गुलाबी का झाले, हे उपग्रह सांगू शकला नाही. ते सांगितले काठावरून बाटल्यांत भरून नेलेल्या पाण्याने. वनविभागाने नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. त्या उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि अशा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्म जीव फोफावले होते. त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाणी रंगले होते. प्रयोगशाळेत नमुना काही काळ स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारची रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली. सरोवराची जबाबदारी आता साऱ्या जगापुढे मान्य केलेली जबाबदारी आहे. पुढील पन्नास वर्षांत त्याची पातळी चढेल, उतरेल, रंग पालटेल. आणि काय बदलले याचा न्याय करताना आजचे आकडे साक्षीला बोलावले जातील.

लोणारला गेलो असताना काठावरच्या एका वृद्धाने आम्हांला पाणी पूर्वी कोठवर होते, ते हात करून दाखवले होते. त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या वृद्धाने लगेच मान हलवून वेगळीच जागा दाखवली. दोघेही खरे बोलत होते. दोघांनीही आयुष्यभर ते पाणी पाहिले होते. माणसाच्या आठवणीला ताडून पाहण्यासाठी पेटीत जपलेली दुसरी साखळी नसते. म्हणूनच लॅम्बटन, मूस, आणि रणातील उन्हात उभे राहणारे ते अनाम शास्त्रज्ञ यांचे आपल्यावर ऋण आहे. त्यांच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत, कारण ते नीट झाले तर काहीच घडलेले दिसत नाही. आकडा फक्त खरा राहतो.

आपल्या घरांतही अशा नोंदी असतात. विहिरीच्या पातळीच्या, पावसाच्या, पेरणीच्या. ज्या वहीत त्या लिहितो, तिच्या पहिल्या पानावर माप कोणते, ते कोठे धरले आणि कोणी वाचले, एवढे जरी लिहून ठेवले, तरी आपल्या नातवंडांना ती वही विश्वासाने उघडता येईल.